चुलीची धग आणि चुलीतली राख : सासूबाई किरणोत्सारी आयोडीन घेऊन घरी येणार आहेत

पत्र निफाड तालुक्यातून आलं आहे. थोडक्यात असं :

‘सासूबाईंचं थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात मुंबईला त्यांना १०० मिलिक्युरी किरणोत्सारी आयोडीन देणार आहेत. दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवून घरी सोडतील. मला चौथा महिना आहे, आणि तीन वर्षांची मुलगी आजीच्या कुशीतच झोपते. शेजारचे एक बीएस्सी झालेले दादा म्हणतात की आजींच्या अंगातून अल्फा, बीटा, गॅमा तिन्ही किरण निघणार, घरातली भांडीसुद्धा किरणोत्सारी होणार, आणि घराला लागून असलेल्या कांदाचाळीतला कांदाही विकता येणार नाही. मुलीला आयोडीनच्या गोळ्या द्या आणि शिशाचा एप्रन आणा, असंही त्यांनी सुचवलंय. सासूबाईंना हे कळल्यापासून त्या उपचारच नको म्हणताहेत. काय करू? – एक सून’

ताई, पहिली गोष्ट, उपचार थांबवू नका. ज्या डॉक्टरांनी आयोडीन सुचवलं त्यांना ते का हवंय हे नक्की माहीत आहे, आणि घरातली काळजी निभावण्यासारखी आहे. पण ती डोळसपणे घ्यायची तर दादांच्या बोलण्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे वेगळं करायला हवं.

तुमच्या घरी चूल असेल किंवा लहानपणी पाहिली असेल. चुलीजवळ बसलं की धग लागते. उठून लांब गेलात की धग संपली, ती काही तुमच्या पदराला चिकटून येत नाही. चुलीतली राख मात्र हाताला लागली तर हाताबरोबर फिरते. पिठात जाते, पोराच्या गालाला लागते. किरणोत्सर्गाचं अगदी असंच आहे. अंगावर किरण पडणं म्हणजे धग लागणं, आणि किरण सोडणारा पदार्थच अंगाला लागणं किंवा पोटात जाणं म्हणजे राख लागणं. धगीवर उपाय अंतराचा, राखेवर उपाय पाण्याचा. दादांनी या दोन्हींची गल्लत केली आहे, आणि ती बरेच शिकलेले लोकही करतात.

आता सासूबाईंना जे देणार आहेत ते बघू. आपल्या मिठात असतं ते आयोडीन म्हणजे आयोडीन-१२७. त्याच्या अणुकेंद्रात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात, आणि ते कायम तसंच राहतं. औषधातलं आयोडीन-१३१ आहे. त्यात प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन मात्र ७८. हे चार जास्तीचे न्यूट्रॉन अणुकेंद्राला झेपत नाहीत. कधी ना कधी त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो आणि बदलताना एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. हा इलेक्ट्रॉन म्हणजेच बीटा कण. प्रोटॉन ५४ झाले की तो अणू आयोडीन राहत नाही, झेनॉन वायूचा होतो. या उलथापालथीत उरलेली ऊर्जा बहुतेक वेळा लगेच गॅमा किरणाच्या रूपात निघून जाते. अल्फा यात कुठेच नाही. म्हणजे दादांचे तीन प्रकार इथे दोनच आहेत.

या दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. बीटा कण पेशींमध्ये सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आतच थांबतो, फार तर दोन मिलिमीटर जातो. औषध त्याच्याच भरवशावर दिलं जातं. थायरॉइडच्या पेशींना आयोडीनची ओढ असते, त्या ते आत खेचून घेतात. ऑपरेशननंतर गळ्यात किंवा इतरत्र उरलेल्या बारीकसारीक पेशी आयोडीन घेतात आणि बीटा त्यांना जागीच मारतो. एवढ्या छोट्या पल्ल्यामुळे बीटा सासूबाईंच्या अंगाबाहेर जवळजवळ येतच नाही. गॅमा मात्र येतो. त्याची मुख्य ऊर्जा ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याला ना वजन, ना विद्युतभार, त्यामुळे तो शरीर ओलांडून खोलीत येतो. रुग्णालयात याच गॅमावरून कॅमेरा आयोडीन कुठे बसलंय त्याचं चित्र काढतो. घरच्यांना लागणारी धग ती हीच.

अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचं जड गाठोडं. हवेत ते चार-पाच सेंटिमीटरमध्ये दमतं, साध्या कागदाने किंवा कातडीच्या वरच्या मृत थराने अडतं. बाहेरून निरुपद्रवी, पण श्वासातून किंवा पोटातून आत गेलं तर तिन्हींत सगळ्यांत वाईट, कारण सगळी ऊर्जा काही मोजक्या पेशींवर ओततं. बिडी-सिगारेटच्या धुरात असणारा पोलोनियम-२१० हा अल्फा सोडणारा आहे. तुमच्या घरी कुणी ओढत असेल तर गर्भाला त्या धुराची काळजी आधी करा. आणि मोबाइल टॉवरचे किरण हा विषयच निराळा. त्यांच्यात अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याएवढी ऊर्जा नसते, ते या पंगतीत बसत नाहीत.

मग भांडी आणि कांदा? गॅमा लागल्याने कोणतीही वस्तू किरणोत्सारी होत नाही. त्यासाठी अणुकेंद्रातच फेरफार व्हावा लागतो, आणि एवढ्या ऊर्जेच्या गॅमाला ते जमत नाही. न्यूट्रॉनला जमतं. अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करूनच आयोडीन-१३१ तयार करतात. तुमच्या घरात न्यूट्रॉन नाहीत. पुरावा हवा असेल तर तो तुमच्याच तालुक्यात आहे. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात २००२ सालापासून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मुद्दाम कांद्यावर सोडतात, कोंब येऊ नयेत म्हणून. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला निदान ४०० ग्रे (वस्तूत किरणांची किती ऊर्जा मुरली ते मोजायचं एकक) एवढी मात्रा द्यावी लागते, म्हणजे ४० कोटी मायक्रोग्रे. एवढं सोसूनही तो आंबा किरणोत्सारी नसतो आणि लोक तो खातात. सासूबाई घरी येतील तेव्हा त्यांच्यापासून मीटरभर अंतरावर तासाला पन्नासहूनही कमी मायक्रोग्रे असतील. तुमच्या चाळीतला कांदा निर्धास्त विका.

धग किती ते आता आकड्यांत पाहू, कारण आकडा कळला की भीती नेमक्या जागी बसते. किरणांचा शरीरावरचा परिणाम सीव्हर्टमध्ये मोजतात. इथे मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग, पुरे. रुग्णाला घरी सोडण्याआधी मीटरभर अंतरावर मोजणी करतात. आपल्याकडे ती तासाला ५० मायक्रोसीव्हर्टच्या खाली यावी लागते. तुमच्या सासूबाईंचा आकडा २० आला असं धरू. अंतर दुप्पट केलं की धग निम्मी नाही, पाव होते. दोन मीटरवर, म्हणजे चार-साडेचार हातांवर, तासाला ५. आणि उलटं पाहिलं तर वीतभराच्या थोडं पुढे, २५ सेंटिमीटरवर, हिशेबाने ३२०. शरीर हा काही बिंदू नसल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, पण अंदाज यावा. सर्वसामान्य माणसाला निसर्गातल्या आणि वैद्यकीय तपासण्यांच्या किरणांखेरीज वर्षाला १००० मायक्रोसीव्हर्टची मर्यादा पाळतात. म्हणजे चार हातांवर बसून रोज तासभर गप्पा मारल्या तर काही बिघडत नाही, पण मुलगी पहिल्या रात्री आजीच्या कुशीत झोपली तर वर्षाची मर्यादा त्या एका रात्रीत ओलांडली जाऊ शकते. तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट ही एवढीच आहे, आणि ती तुम्ही बरोबर ओळखलीत.

चुकून मुलगी दोन मिनिटं गळ्यात पडली तर मात्र रडारड करू नका. जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतातच. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्येही किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतं. दोन मिनिटांचा हिशेब त्यापुढे नगण्य आहे. टाळायचं आहे ते तासन्‌तास जवळ असणं.

धग रोज कमीही होत जाते. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस. आठ दिवसांत निम्मं, सोळा दिवसांत पाव, चोवीस दिवसांत अष्टमांश. शिवाय थायरॉइड काढलेल्या माणसाच्या शरीरातून बहुतेक आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे जातं, म्हणून तर रुग्णालयात ठेवून घेतात.

यातून सगळ्यांत सोपा उपाय निघतो, आणि तो तुमच्या हातात आहे. चौथा महिना आहे, मुलीला घेऊन दोन-तीन आठवडे माहेरी जा. सासूबाई घरी यायच्या आदल्या दिवशी निघा. गर्भातल्या बाळाची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्यापासून आयोडीन ओढू लागते, तुमचे दिवस नेमके तेच आहेत. माहेर जमणारं नसेल तर घरातच सोय करता येते, फक्त शिस्त लागेल. मोठ्या माणसांनी साधारण आठवडाभर, आणि तुम्ही व मुलीने दोन ते तीन आठवडे अंतर ठेवायचं. रुग्णालयाच्या कागदावर वेगळे दिवस लिहिले असतील तर तेच अंतिम. त्यांनी मोजून लिहिलेलं असतं, आम्ही अंदाजाने सांगतो आहोत. खोल्यांची आखणी करताना भिंतीच्या पलीकडे तुमची खाट येणार नाही हे बघा. विटांची भिंत गॅमा थोडाफार अडवते, पूर्ण नाही. सासूबाईंच्या उशाकडची बाजू आणि तुमच्या उशाकडची बाजू एकाच भिंतीला लागली तर रात्रभर हातभर अंतरावर झोपल्यासारखंच होईल, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मुंबईहून येताना एसटी किंवा रेल्वे नको. शेजारच्या आसनावर कोण गरोदर बाई किंवा लेकुरवाळी येऊन बसेल सांगता येत नाही. गाडी करा. चालक उजवीकडे, तर सासूबाई मागे डाव्या कोपऱ्यात. सोबत एकच माणूस, तोही पुढे. तुम्ही आणायला जाऊ नका.

आता राखेकडे येते, कारण इथे घरोघर चुका होतात. आयोडीन लघवी, घाम आणि लाळ यांतून बाहेर येतं. गॅमापासून लांब राहिलात, पण लाळेतलं आयोडीन मुलीच्या पोटात गेलं तर ते थेट तिच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसेल. १९८६ साली चेर्नोबिलच्या अपघातानंतर लहान मुलांना थायरॉइडचे कॅन्सर झाले ते मुख्यतः असेच. आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गाईने गवत खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं. तिथलं प्रमाण आणि तुमच्या घरातलं प्रमाण यांची बरोबरीच होऊ शकत नाही. पण वाट तीच आहे, तोंडातून आत जाण्याची, म्हणून ती बंद ठेवायची.

आजीच्या ताटातला घास नातीला नाही, उष्टा पेला नाही, पापा नाही. ताट, वाटी, तांब्या, टॉवेल वेगळे. घासताना वाहत्या पाण्याखाली, शक्यतो सासूबाईंनी स्वतःच. स्वयंपाकात त्यांना आठ-दहा दिवस सुट्टी द्या. भाकरी थापताना तळव्याचा घाम पिठात मिसळतोच, आणि ती भाकरी सगळं घर खातं. गाईची धारही दुसऱ्या कुणी काढावी. सासूबाई मिश्री लावत असतील तर हे नीट ऐका. मिश्री लावून अंगणात थुंकणं म्हणजे लाळेतलं आयोडीन मूल खेळतं त्या जागी टाकणं. या दिवसांत मिश्री बंद ठेवता आली तर उत्तमच, नाहीतर थुंकायचं ते संडासातच, आणि वरून पाणी.

संडास-मोरीत पाणी सढळ हाताने वापरायचं. दर वेळी फ्लश दोनदा, किंवा फ्लश नसेल तर बादलीभर पाणी दोन वेळा. पाय धुवायचे, हात साबणाने धुवायचे. बाहेर शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी असेल तर तीन महिने उपसू नका, आत आयोडीन आपोआप संपत जाईल. लघवी सांडली किंवा उलटी झाली तर हातमोजे घालून कडेकडून मध्याकडे कागदाने टिपायचं, कागद संडासात टाकायचा, जागा दोनदा धुवायची. हे काम सासरे किंवा तुमचे यजमान करतील, तुम्ही नाही. कपडे आणि चादरी वेगळ्या धुवा, एकदा जास्त खळबळा. गादीवर प्लास्टिक अंथरून ठेवा. तोंड पुसलेले कागद, कापूस, डायपर असलं काही टाकून द्यायचं असेल तर जाड पिशवीत बांधून गोठ्याच्या किंवा शेडच्या कोपऱ्यात ऐंशी दिवस ठेवा. दहा अर्धायुष्यं झाली की हजाराव्या भागाहूनही कमी उरतं, मग नेहमीच्या कचऱ्यात टाका. जाळू मात्र अजिबात नका. आयोडीन तापलं की वाफ होऊन हवेत जातं, आणि जी राख पाण्याने धुऊन गेली असती ती सगळ्यांच्या नाकात जाते.

सासूबाईंनी भरपूर पाणी प्यावं, दिवसाला अडीच-तीन लिटर, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं नसेल तर. लघवी तुंबवू नये, पोट साफ राहू द्यावं. आयोडीन लाळग्रंथीतही जमतं, त्यामुळे कानाखाली सूज किंवा तोंड कोरडं पडणं काहींना होतं. लिंबाच्या गोळ्या चघळतात त्या त्यासाठीच, पण पहिली गोळी कधी द्यायची ते रुग्णालयाला विचारून. डोसच्या आधी आठवडा-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार सांगतील. आयोडीनचं मीठ, समुद्रातली मासळी, बहुधा दूध बंद. हे पथ्य लोक हलक्याने घेतात. उरलेल्या पेशी आधीच साध्या आयोडीनने तृप्त असतील तर औषधाचं आयोडीन त्या घेणार नाहीत आणि सगळी खटपट वाया जाईल. मधल्या काळात रंग टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या रंगात आयोडीन असतं.

शिशाचा एप्रन नको. एक्स-रे खोलीतला एप्रन अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि एक्स-रेच्या कमी ऊर्जेसाठी केलेला असतो. आयोडीनचा गॅमा निम्मा करायलाच जवळजवळ तीन मिलिमीटर शिसं लागतं. तो एप्रन साधारण दहा टक्केच अडवेल, आणि घातलाय म्हणून तुम्ही जास्त वेळ जवळ बसाल. दोन पावलं मागे सरकणं त्याहून कितीतरी कामाचं. मुलीला आयोडीनच्या गोळ्याही देऊ नका. त्या अणुअपघातात सरकारी सूचनेनुसार घ्यायच्या असतात, घरच्या रुग्णासाठी नाहीत, आणि उगाच दिल्याने लहान मुलाची थायरॉइडच बिघडू शकते.

सगळ्यांत नाजूक गोष्ट सासूबाईंशी बोलण्याची. वेगळं ताट, वेगळी खोली, नात लांब. आयुष्यभर विटाळ पाळलेल्या किंवा सोसलेल्या बाईला याचा अर्थ एकच लागतो. आपल्याला कुणी वाळीत टाकलंय असं वाटून त्या उपचार नको म्हणत असतील. त्यांना चूल आणि राखेचं उदाहरणच सांगा. हा आजार लागणारा नाही, आणि हे दिवस मोजलेले आहेत. हे तुम्ही एकटीने नका सांगू, यजमानांनी आणि सासऱ्यांनीही शेजारी बसून सांगायला हवं. माहेरी गेलात तर रोज व्हिडिओ कॉल लावून द्या. फोनमधून काहीच येत नाही, हेही मुलीला आणि आजीला दोघींना सांगा.

सोडताना यजमानांनी रुग्णालयातून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : दिलेली मात्रा, दिल्याची तारीख, घरी सोडताना मीटरभरावरचं मोजमाप, आणि लहान मूल व गरोदर सून यांच्यापासून अंतर किती तारखेपर्यंत. हा कागद सासूबाईंनी तीन महिने पिशवीत ठेवावा, विमानतळावर किरण ओळखणारी यंत्रं असतात आणि ती एवढ्या उशिरापर्यंत वाजू शकतात. शेवटची तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवा, आणि तो गोल मुलीच्या हातून काढून घ्या. त्या रात्री तिची उशी आजीच्या खाटेवर.